कल्पनेला तारण काय?

पोळ्याच्या करीचा दिवस होता. वाशीमला आमच्या गल्लीत आदल्या दिवशीच्या बैलांची बेगड अजून नालीच्या काठाला चमकत होती. सकाळी फाटक वाजलं. बाहेर माझे एक जुने खातेदार उभे. मंगरुळपीरकडचे, पाच एकरांचे धनी, सोयाबीन आणि तूर घेणारे. सोबत बारावीत शिकणारी मुलगी, आणि तिच्या हातात प्लास्टिकची भली मोठी फाइल. नोकरीत असताना अशी फाइल दिसली की मी आधी तिच्यात सातबारा शोधायचो. या फाइलीत सातबारा नव्हता. चित्रं होती.

चहा झाला. पावसाची, भावाची चौकशी झाली. मग गृहस्थ मुद्द्यावर आले.

"साहेब, पोरगी म्हंते मले जाहिरातीचं शिकाचं हाय. इथं नाई, बाहेरदेशात. मोबाइलवर शाळा पाह्यली तिनं. मी म्हनलं, दोन एकर काढून टाकू. पन आधी साहेबाले इचारू. याच्यात पोट भरते काय? अन् भरते तं कोन्या देशात भरते?"

मुलगी मान खाली घालून बसली नव्हती, हे मला आवडलं. ती सरळ माझ्याकडे पाहत होती. नापास व्हायला तयार, पण पेपर तपासून घ्यायचाच, अशा नजरेने.

मी पस्तीसहून अधिक वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जाच्या टेबलावर. म्हशीला किती, मोटरपंपाला किती, किराणा दुकानाला किती, याची उत्तरं मला झोपेतसुद्धा देता आली असती. या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं. "सोयाबीन निघालं की या, दसऱ्यानंतर. तोवर सौदा करू नका," एवढंच म्हणालो आणि त्यांना वाटेला लावलं.

मधल्या दिवसांत मी जे वाचलं, विचारलं आणि मला जे आठवलं, ते इथे मांडतो आहे. हा प्रश्न घेऊन फिरणारा तो एकटाच बाप असेल, असं मला वाटत नाही.

०००

आधी आठवलं ते सांगतो.

साल १९८६. माझी बदली कारंजा शाखेत झाली होती. वाशीम जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला. कारंज्याला तेव्हा कापसाच्या गाड्या होत्या, जिनिंग होते, आणि मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला होती. शाखेच्या समोर एक पेंटर बसायचा. दुकानांच्या पाट्या, बैलगाडीच्या साट्या, सिनेमाचे फलक, सगळं रंगवायचा. त्याचा मुलगा बापापेक्षा चांगलं अक्षर काढायचा. एके दिवशी तो मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मुंबईला कमर्शियल आर्ट शिकायला जायचं होतं. बारा हजार रुपये हवे होते.

"तारण काय देता?" मी विचारलं. सवयीने.

त्याने दोन्ही हात पुढे केले. नखांत निळा रंग होता. त्यात विनोद नव्हता. 'तारण' म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि साहेब आपले हात बघायला मागताहेत असंच त्याला वाटलं होतं. मी हसलो. शेजारच्या टेबलावरचा कॅशियर हसला. मुलगाही थोडा हसला आणि गेला.

नियम होता, हे खरं. पण प्रस्ताव लिहून वर पाठवायला कुठल्याच नियमाची मनाई नव्हती. मी तो पाठवला नाही. त्या मुलाने पुढे वीस वर्षं पाट्या, ट्रॉल्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. मग फ्लेक्स आलं. आता तो फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक जुळवतो. कारंज्याला गेलो की भेटतो, अदबीने नमस्कार करतो. मला तो नमस्कार झेपत नाही.

म्हणून या मुलीच्या फाइलीकडे पाहताना मी जरा घाबरलेलोच होतो.

०००

जाहिरातीचा धंदा मला थोडाफार माहीत झाला तो एका कादंबरीच्या निमित्ताने. नायक जाहिरात कंपनीतला होता, आणि मला त्या जगातलं काहीच ठाऊक नव्हतं. अमरावतीच्या होस्टेलमधला माझा एक मित्र आर्ट डायरेक्टर होता. मुंबई, मग दुबई, मग सिंगापूर अशी त्याची नोकरी झाली. त्याच्याकडे जाऊन बसलो.

त्याने सांगितलेली पहिली गोष्ट अशी, की या धंद्यात डिग्री कुणी विचारत नाही, पोर्टफोलिओ विचारतात. म्हणजे तुम्ही केलेल्या कामाची फाइल. पूर्वी ती काळी, खांद्याला लटकवायची, दारातून आडवी न्यावी लागे अशी असायची. आता ती एका लिंकमध्ये मावते. पण तिच्यातली पंधरावीस कामं पाहूनच माणूस आत घेतात किंवा घेत नाहीत. आमच्या बँकेत माणूस सिनिऑरिटीने वर जातो, इथे फाइलीने.

दुसरी गोष्ट, जाहिरात एकटा माणूस करत नाही. शब्द लिहिणारा कॉपीरायटर आणि चित्र मांडणारा आर्ट डायरेक्टर अशी जोडी असते. ही जोडी नेहमीच नव्हती. पूर्वी लेखक मजकूर लिहून खालच्या मजल्यावर पाठवायचा आणि चित्रकार त्याला चित्र चिकटवायचा. १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉइल डेन बर्नबाख ही एजन्सी निघाली. तिच्या बिल बर्नबाखने दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवलं. फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीची, कोऱ्या पानावर इवलंसं चित्र असलेली जगप्रसिद्ध जाहिरात अशाच एका जोडीने केली. ज्यूलियन कोनिग शब्दांचा आणि हेल्मुट क्रोन चित्रांचा.

हे ऐकताना मला आमचं गाव आठवलं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने हजारेक वर्षांपूर्वी काव्यमीमांसेत एक कथा सांगितली आहे. काव्यपुरुष रुसून देशोदेशी हिंडत निघतो. साहित्यविद्या त्याच्या मागे मागे जाते. प्रत्येक देशात ती नवा वेश, नवं नृत्य, नवी बोलण्याची रीत धारण करते, आणि शेवटी विदर्भात, वत्सगुल्म नगरात, दोघांचं लग्न लागतं. आणि याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं सोळावं लेणं त्याने कोरवून घेतलं, तसा शिलालेख तिथे आहे. म्हणजे शब्द आणि चित्र या दोघांचंही सासर-माहेर आमच्याच गावाशी कुठेतरी जुळतं. गावच्या अभिमानापोटी हे सांगत नाही. देशोदेशी हिंडायचं, प्रत्येक ठिकाणची रीत शिकायची, आणि तरी आपलं काहीतरी घेऊनच हिंडायचं, ही तक्रार आणि ही हौस बरीच जुनी आहे, इतकंच.

०००

आता त्या बापाचा प्रश्न. देशोदेशीच्या एजन्सींतून करिअर उभं राहतं ते नेमकं कसं?

माझ्या मित्राच्या हिशेबाने वाटा दोन. एक, तुम्ही ज्या एजन्सीत आहात तिच्या शाखा जगभर असतात. काम चांगलं असलं तर तिथला कुणी साहेब तुम्हाला मागून घेतो. ही आमच्या बदलीसारखीच, फक्त ऑर्डर हातात पडल्यावर माणूस रडत नाही, पेढे वाटतो. दुसरी वाट पारितोषिकांची. फ्रान्समध्ये कान्सला १९५४पासूनच्या परंपरेचा जाहिरातींचा मेळा भरतो. तिथे किंवा तशा ठिकाणी तुमचं काम लागलं, की लंडन-न्यूयॉर्कचा माणूस विचारतो, हे कुणी केलं?

यात एक मेख आहे. चित्रवाला जितक्या सहज परदेशी जातो तितका शब्दवाला जात नाही. चित्राला पासपोर्ट कमी लागतो. माझा मित्र दुबईत असताना त्याच्याकडे सौदी अरेबियासाठी साबणाची जाहिरात आली. बाईचा चेहरा दाखवायचा नाही, अशी अट. मुंबईत त्याने साबण म्हणजे धबधबा आणि नटी एवढंच पाहिलं होतं. तो आठ दिवस अडून बसला आणि शेवटी नुसतं पाणी आणि एका म्हाताऱ्याचे हात, एवढ्यावर जाहिरात केली. "तिथे मी साबण काय असतो ते शिकलो," तो म्हणाला. देश बदलला की जुन्या युक्त्या चालत नाहीत आणि माणसाला मुळापासून विचार करावा लागतो. परदेशाचा खरा फायदा मला तो वाटला, पगाराचा नंतर.

आपल्या माणसांत हे कुणी केलं? राज कांबळे यांचं नाव घेता येईल. मुंबईत जाहिरातीला सुरुवात करून त्यांनी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये लोव, बीबीएच, स्ट्रॉबेरीफ्रॉग अशा एजन्सींतून काम केलं आणि परत येऊन २०१२ साली मुंबईत फेमस इनोव्हेशन्स ही स्वतःची एजन्सी काढली. मायामी ॲड स्कूल ही परदेशी जाहिरातशाळा मुंबईत आणण्यातही ते होते. मराठी नसलेले पण मुंबईतून निघालेले सोनल डबराल हे दुसरं उदाहरण. अहमदाबादच्या एनआयडीत शिकलेला हा माणूस ओगिल्वीच्या मुंबई कचेरीतून क्वालालंपूरला गेला, मग सिंगापूरला, आणि पुन्हा मुंबईत मुद्रामध्ये मोठ्या पदावर आला. दोघेही परत आले, आणि दोघेही मुळात शब्दांपेक्षा चित्राकडचे, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

उलट, ज्यांनी गाव सोडलं नाही त्यांचं काय झालं?

अरुण कोलटकर आपल्याला कवी म्हणून माहीत आहेत. पण ते पोट भरत होते ते जाहिरातीवर. कोल्हापूरचा हा माणूस मुंबईच्या एजन्सींमध्ये आर्ट डायरेक्टर होता. जाहिरातकलावंतांच्या कॅग या संस्थेचा पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला आणि तिच्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव गेलं. परदेशी एजन्सीत खुर्ची मिळवायला ते गेले नाहीत. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमधल्या टेबलावरून जे दिसलं त्यातच त्यांना जग दिसलं. 'जेजुरी'ने १९७७ साली राष्ट्रकुल कवितापुरस्कार मिळवला.

दुसरे र. कृ. जोशी. १९५६ साली जे. जे.तून बाहेर पडून ते केमर या ब्रिटिश एजन्सीत लागले. सत्यजित राय ज्या एजन्सीच्या कलकत्ता कचेरीत होते आणि जिने त्यांना १९५०मध्ये काही महिने लंडनला पाठवलं, तीच ही एजन्सी. जोशी नंतर उल्कात गेले, तिथे वीसेक वर्षं आर्ट डायरेक्टर राहिले, मग पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले. पण त्यांचा जीव होता अक्षरात. कॉम्प्युटरवर देवनागरी दिसावी म्हणून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये 'मंगल' नावाचा जो फॉन्ट आला, तो त्यांनी केलेला. बर्लिनमध्ये असो की बोस्टनमध्ये, एखाद्या मराठी मुलाने आईला कॉम्प्युटरवरून पत्र लिहिलं तर वर्षानुवर्षं ते जोशींच्या अक्षरात उमटत राहिलं. एका मुंबईकर जाहिरातवाल्याचं अक्षर असं जगभर फिरून आलं.

आणि तिसरे पियूष पांडे. जयपूरचे. क्रिकेट खेळून, चहा चाखायची नोकरी करून १९८२ साली ओगिल्वीत शिरले आणि ऑक्टोबर २०२५मध्ये गेले ते त्याच एजन्सीचे म्हणून. पुण्याच्या फिरोदियांच्या लुनासाठी त्यांनी केलेली 'चल मेरी लुना' आमच्या पिढीला वेगळी सांगायला नको. मी स्वतः रिसोडच्या रस्त्यावर, मागे वसुलीचा शिपाई बसवून, त्याच लुनावर फिरलो आहे. भारतातली मोठी जाहिरात इंग्रजीत विचार करून हिंदीत भाषांतर होत असे, तेव्हा या माणसाने ती थेट हिंदीतच केली.

म्हणजे गेलेलेही मोठे झाले आणि न गेलेलेही. मग ठरवायचं कसं?

एक गोष्ट मात्र या सगळ्यांत सारखी दिसते. कामाला लागण्याआधी किंवा कामाच्या बाहेर त्यांनी काहीतरी भरपूर पाहिलेलं होतं. जाहिरातीचा जगद्गुरू म्हणतात तो डेव्हिड ओगिल्वी इंग्लंडात जन्मला, ऑक्सफर्ड अर्धवट सोडलं, पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाकी झाला, स्कॉटलंडमध्ये दारोदार चुली विकल्या, अमेरिकेत लोकमताच्या पाहण्या केल्या, शेतीसुद्धा केली, आणि मग १९४८ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, न्यूयॉर्कला एजन्सी काढली. दारोदार चुली विकलेल्या माणसाला गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चालतं ते शिकवावं लागत नाही.

०००

आता थोडं धंद्यातलं कडू.

ज्या एजन्सीच्या नावावर आयुष्य लावायचं, ते नाव तरी टिकतं का? जे. वॉल्टर थॉम्प्सन ही १८६४ची अमेरिकन एजन्सी १९२९ साली मुंबईत आली. २०१८मध्ये ती दुसऱ्या एजन्सीत विलीन झाली आणि २०२३मध्ये उरलंसुरलं नावही गेलं. वर सांगितलेल्या बर्नबाखची डीडीबी १९४९ची. २०२५च्या डिसेंबरात तिच्या मालक कंपनीने ते नाव बंद करायचं जाहीर केलं. हे वाचताना मला नवल वाटलं नाही. आम्ही बँकवाल्यांनी हे पाहिलं आहे. १ एप्रिल २०१९ला देना आणि विजया, २०२०च्या त्याच तारखेला सिंडिकेट, अलाहाबाद, आंध्र, कॉर्पोरेशन आणि आणखी दोन बँकांच्या पाट्या उतरल्या. माणसं तीच, काउंटर तोच, वरचं नाव नवं. फरक एवढाच, की आमच्या नोकऱ्या राहिल्या. जाहिरातीत विलीनीकरण झालं की माणसंच आधी कमी होतात.

आणखी एक. केवळ पारितोषिकासाठी, कुठेही न छापता केलेल्या जाहिराती हा या धंद्याचा जुना रोग आहे. त्यात आता चित्र काढून देणारं यंत्र आलं. ब्राझीलच्या डीएम९ या एजन्सीला २०२५ साली कान्सचं सर्वोच्च पारितोषिक परत करावं लागलं, कारण प्रवेशिकेच्या फिल्ममध्ये यंत्राने बनवलेली दृश्यं खरी म्हणून दाखवली होती. नवख्यांना जी बारीकसारीक कामं देऊन शिकवत, ती आता यंत्र करतं. मुलीला हे न सांगणं म्हणजे फसवणूक झाली असती. तर तिच्या बापाला मी जे सांगणार होतो, त्यात 'नोकरी पक्की' हे वाक्य कुठेच नव्हतं.

मग नाव जातं, खुर्ची जाते, देश बदलतो, तेव्हा माणसाजवळ उरतं काय? फाइल, आणि ती भरणारी नजर.

०००

दसऱ्यानंतर बापलेक आले. सोयाबीन निघालं होतं. भावाचं विचारू नका.

या वेळी मी फाइल नीट उघडली. पहिली दहाबारा पानं पाहून मन खट्टू झालं. बुटांच्या, परफ्यूमच्या, मोबाइलच्या जाहिराती. इंग्रजी मजकूर, गोरी माणसं. मोबाइलवर पाहून हुबेहूब उतरवलेली. हात चांगला होता, पण त्यात ती कुठेच नव्हती. असल्या फाइली सिंगापूरला रोज शंभर येत असतील.

तेराव्या पानावर मी थांबलो. बाजार समितीतला वजनकाटा. एका बाजूला पोतं, काट्याच्या पलीकडे व्यापाऱ्याचा फक्त अंगठ्या घातलेला हात, आणि अलीकडे शेतकऱ्याची फक्त सावली. खाली तिने हाताने लिहिलं होतं,

'तूर आमची, काटा तुमचा.'

"हे कुठून उचललंस?" मी विचारलं.

"उचललं नाही आजोबा. मागच्या वर्षी बाबांसोबत तूर घेऊन गेले होते. बाबा दिवसभर उभे होते. घरी आल्यावर काढलं."

"मग हे मागे का ठेवलंस?"

"ते गावठी वाटलं."

मी ते पान फोटो काढून माझ्या मित्राला पाठवलं. तो आता पुण्याला असतो. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला तोच, जो त्याला कधीकाळी लंडनच्या माणसाने विचारला असेल, "हे कुणी केलं?" मग म्हणाला, "यातलं मराठी खोड, तरी हे चित्र कुठल्याही देशात कळेल. दुबळ्याने दांडग्याला माल विकणं सगळीकडे सारखंच असतं. तिला सांग, पहिली बारा पानं फाड."

त्या क्षणी मला शकुंतला आठवली. विदर्भाचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली ती छोटी रेल्वे, आता बंद पडलेली. कापूस मुंबईला जायचा, तिथून मँचेस्टरला, आणि नाव लावलेलं कापड होऊन परत आमच्याच बाजारात यायचा. माल आमचा, नाव दुसऱ्याचं, आणि पैसा नावाला. आजही आमची तूर पोत्यातून जाते आणि चकचकीत पाकिटातून परत येते. ते पाकीट, त्यावरचं नाव, ते नाव घ्यावंसं वाटायला लावणारी ओळ, हे सगळं करणारी माणसं आमच्या जिल्ह्यात आम्ही घडवलीच नाहीत. जी घडली असती, त्यातल्या एकाला मी १९८६ साली तारण विचारलं.

०००

आता उत्तर. ते मी त्या घरी दिलं तसंच इथे देतो, म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल.

पहिलं, जमीन विकायची नाही. विकलेली जमीन परत येत नाही, आणि ज्या मुलीच्या डोक्यावर दोन एकरांचं ओझं असेल ती परदेशात मोकळेपणी चूक करू शकणार नाही. या धंद्यात चुका केल्याशिवाय शिकता येत नाही.

दुसरं, बारावीनंतर सरळ परदेश नाही. आधी उपयोजित कलेची पदवी इथे. नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे, मुंबईची जे. जे. उपयोजित कला संस्था आहे. प्रवेशपरीक्षेची तयारी आजपासून. मग दोन-तीन वर्षं कुठल्याही लहानमोठ्या एजन्सीत नोकरी. परदेशातल्या शाळा आणि एजन्सी काम केलेल्या माणसाची फाइल वेगळ्या नजरेने पाहतात.

तिसरं, कर्ज. सरकारी हमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की पुरतं. शिक्षण संपून एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं, ते जमेल तसं भरत राहावं. साडेसात लाखांच्या वर तारण मागतात, आणि तिथे शेतकरी अडतो. २००२च्या सरफेसी कायद्याने बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेता येते, पण शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे. म्हणून अशा कर्जाला शेतीचं तारण घ्यायला बँका कां-कूं करतात. घर, प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. बापाजवळ यातलं काहीच नव्हतं.

"मंग तं दार बंदच झालं साहेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. अशी दारं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

मी मुलीकडे वळलो. "सहा-सात वर्षांनी ये," मी म्हटलं. "फाइल घेऊन. तिच्यात या काट्यासारखी पंधरा पानं असली पाहिजेत. पंधरा. चौदा नाही. माझा मित्र तपासेल, मी नाही, मला त्यातलं कळत नाही. तो हो म्हणाला तर तुझ्या कर्जाला तारण म्हणून माझी मुदत ठेव लावू."

बाप उठून उभा राहिला. मुलगी काही बोलली नाही. तिने फाइल उघडली, पहिली बारा पानं बाहेर काढली, चौघडी केली आणि पिशवीत टाकली. मग काट्याचं पान सगळ्यांत वर ठेवलं.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, दुसऱ्याच्या कर्जाला आपलं तारण कधी लावू नका. माझ्याच टेबलावर बसून किमान हजार जणांना सांगितलं असेल. तो सल्ला चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. मीच तो मोडतो आहे, एवढंच.

त्या ठेवीची पावती कपाटात आहे. पावतीवर माझ्याबरोबर घरच्यांचंही नाव आहे, आणि त्यांना मी यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही. रविवारची पुरवणी आमच्याकडे आधी त्याच वाचतात.